उजवा खिसा

माझा सारा जन्म गोळ्या विकण्यात गेला. टेक्सस राज्यातील ह्यूस्टन शहराच्या एका टोकाला माझे औषधांचे लहानसे दुकान आहे, आणि गेली तीस-बत्तीस वर्षे मी त्याच्या फळीमागे उभा राहून परक्यांच्या ज्वरावर, रक्तदाबावर आणि निद्रानाशावर गोळ्या मोजून देत आलो आहे. आमच्या धंद्यात गोळ्या पाच-पाचांनी मोजतात. तबकात गोळ्या ओतायच्या आणि बोथट सुरीने पाच इकडे, पाच तिकडे अशा सारायच्या. या सवयीने मी पाचांनी मोजणारा माणूस होऊन बसलो आहे; जिन्याच्या पायऱ्याही मी पाच-पाचच मोजतो.

इंग्रजीत औषधाची गोळी निराळी, मुलांनी चघळायची गोळी निराळी आणि बंदुकीतून सुटणारी गोळी निराळी. तीन वस्तूंना तीन शब्द आहेत. आपल्या मराठीने मात्र तिन्हींचा संसार एकाच शब्दात मांडून मोठी काटकसर केली आहे. ही काटकसर किती अर्थपूर्ण आहे हे मला साठी उलटेपर्यंत कळले नव्हते. ते मला कळले तीन वर्षांपूर्वी, खिशात ठेवण्यासारखे एक लहान पिस्तूल निवडायला मी बाहेर पडलो तेव्हा.

'पिस्तूल' हा शब्द वाचताच पुण्या-मुंबईकडील वाचकांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. मीही त्याच मातीतला. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने ज्यांच्या घरांतून शस्त्रे गेली, आणि स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याखालीही ज्यांना परवान्याशिवाय ती जवळ ठेवता येत नाहीत, अशा लोकांत मी लहानाचा मोठा झालो. आमच्या घरातील सर्वांत भयंकर शस्त्र म्हणजे आईची विळी. ब्राउनिंग पिस्तुलाचे नाव कानावर आले होते तेही इतिहासाच्या पुस्तकातून. लंडनहून सावरकरांनी पाठविलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले, आणि १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या, एवढाच काय तो माझा आणि त्या यंत्राचा परिचय होता. पिस्तूल ही हुतात्म्यांनी वापरायची आणि आपण वाचायची वस्तू, अशीच माझी समजूत होती.

टेक्ससची हवा निराळी. साध्या नागरिकाने अंगावर झाकून पिस्तूल बाळगावे यासाठी परवाना देण्याचा कायदा या राज्याने १९९५ साली केला, आणि तो १९९६ च्या आरंभी अमलात आला. २०२१ पासून तर एकवीस वर्षे पुरी झालेल्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला तोही परवाना लागत नाही. मी मात्र रीतसर परवाना काढला होता, कारण औषधांच्या दुकानात केवळ औषधे नसतात. वेदना शमविणाऱ्या काही गोळ्या अशा आहेत की त्यांच्या व्यसनापायी माणूस मागचापुढचा विचार करीत नाही. आमच्या व्यवसायातील अनेकांना त्याचा अनुभव आला होता. म्हणून कमरेला, पांढऱ्या कोटाच्या आत, एक मध्यम आकाराचे पिस्तूल मी कित्येक वर्षे वागवीत आलो. ते तेथे आहे याचा मला पुष्कळदा विसर पडत असे; आणि विसर पडतो म्हणजेच सर्व ठीक आहे, असे मी मनाशी म्हणत असे.

तो विसर एका पावसाळी संध्याकाळी मोडला. मी ठेंगण्या स्टुलावर बसून गोळ्या मोजत होतो. एक तरुण फळीवरून उडी टाकून आत आला. त्याच्या हातात जे होते ते मी पाहिले, आणि माझा हात कमरेकडे गेला नाही. वस्तुतः तो जाऊ शकलाच नसता. कोटाची सगळी बटणे लावलेली, मी बसलेला, पोट पुढे आलेले. त्या कोटाखालून पिस्तूल बाहेर काढायला मला वर्तमानपत्र वाचून होईल इतका वेळ लागला असता. त्याने औषधाचे नाव घेतले. मी उठून ते दिले. तो गेला. कोणालाही ओरखडासुद्धा उमटला नाही. मी पुन्हा खाली बसलो आणि अर्धवट राहिलेल्या गोळ्या मोजू लागलो. परंतु पाचानंतर कोणता आकडा येतो हे मला काही केल्या आठवेना.

मला नेमबाजी शिकविणारे गृहस्थ पोलिसातून निवृत्त झालेले होते. त्यांना मी हा प्रकार सांगितला. ते म्हणाले, "तुमचे पिस्तूल वाईट नाही, त्याची जागा वाईट आहे. तुम्हाला दुसरे हवे." पहिले असताना दुसरे कशाला, असे मी विचारले. त्यावर त्यांनी बोटांवर कारणे मोजून दाखविली. पहिले अडकते. पहिले हातातून हिसकावले जाते. पहिल्यापर्यंत हात पोहोचत नाही. आणि कधी कधी सोबतच्या माणसाच्या हाती काही द्यावे लागते. न्यूयॉर्कच्या पोलिसांत जुन्या काळी एक म्हण होती म्हणे: पहिले रिकामे झाले की ते भरीत बसण्यापेक्षा दुसरे काढावे, ते लवकर होते. शेवटी ते म्हणाले, "मोटारीत पट्टा बांधून बसलेल्या किंवा स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात जिथे सहज जातो ती जागा शोधा, आणि त्या जागेत मावेल असे शस्त्र निवडा. आधी जागा, मग शस्त्र."

जागा शोधायला फार विचार करावा लागला नाही. विजारीचा उजवा खिसा! माणूस उभा असो, चालत असो, रात्री दुकान बंद करून मोटारीकडे जात असो, त्याचा हात खिशात असला तर कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. कमरेकडे गेलेला हात पाहून समोरचा सावध होतो. खिशात असलेला हात पाहून त्याला फार तर थंडी आठवते. खिशाच्या पिस्तुलाचा हा सर्वांत मोठा गुण आहे, आणि शे-दीडशे वर्षे माणसे खिशाच्या मापाची शस्त्रे घडवीत आली आहेत ती याच गुणासाठी.

या शस्त्रांचा इतिहास मी त्या दिवसांत मोठ्या उत्साहाने वाचला. भित्र्या माणसाला वाचनाचा मोठा आधार असतो! फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर नावाचा कारागीर मुठीत मावतील अशी एकबारी पिस्तुले करीत असे. त्यांतलेच एक हाती घेऊन १४ एप्रिल १८६५ च्या रात्री बूथने लिंकनवर गोळी झाडली. इतरांनी त्याची इतकी नक्कल केली की एका 'र'ची भर पडून त्याचे आडनाव साऱ्या लहान पिस्तुलांचे सामान्यनाम झाले. रेमिंग्टनने एकावर एक अशा दोन नळ्यांचे खिशातले पिस्तूल १८६६ साली काढले आणि ते १९३५ पर्यंत करीत राहिले. पुढे ज्यांचे नाव मी नाशिकच्या प्रकरणात वाचले होते त्या जॉन ब्राउनिंग यांनी बंडीच्या खिशासाठी म्हणून एक चिमुकले स्वयंचलित पिस्तूल योजिले. कोल्ट कंपनीने ते १९०८ साली बाजारात आणले. त्याच वर्षी आलेले त्यांचे .३८० मापाचे काडतूस तर शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी आज लहान पिस्तुलांत सर्रास वापरले जाते. तात्पर्य, माझी भीती नवी नव्हती. तिच्या मापाची शस्त्रे पिढ्यान्‌पिढ्या तयार होती.

नंतर निवडीचा दिवस आला. शिक्षक बरोबर होते. दुकानदाराने हिरव्या बनातीवर एकामागून एक वस्तू मांडल्या. सराफाच्या पेढीवर कुडी निवडायला बसलेल्या बाईचा जो गोंधळ उडतो तोच माझा उडाला: प्रत्येक वस्तू हातात घेताच आवडत होती.

पहिले होते रूगर कंपनीचे .३८० मापाचे पिस्तूल, २००८ साली निघालेले. वजन पावणेतीनशे ग्रॅमांच्या आत. चपटे इतके की खिशात पैशाचे पाकीट आहे असेच वाटावे. मॅगझिनमध्ये सहा आणि नळीत एक अशा सात गोळ्या. मी हर्षभरित झालो. शिक्षक म्हणाले, "याची वरची खीळ मागे ओढून दाखवा." संधिवाताने आखडलेल्या माझ्या बोटांतून ती खीळ दोनदा निसटली. मागाहून चाचणीच्या आवारात मी ते उडविले तेव्हा तळहातावर कोणी छडी मारावी तसा झटका बसला. वस्तू जितकी हलकी तितका तिचा धक्का अधिक. नळीतून पुढे जाणाऱ्या गोळीचा हिशेब मागे कोणाला तरी चुकवावा लागतो. जड पिस्तूल तो स्वतः चुकविते, हलके पिस्तूल तो तुमच्या मनगटाकडे पाठविते.

दुसरे होते सिग सॉअर कंपनीचे, २०१८ साली गाजत आलेले नऊ मिलिमीटरचे. एवढ्याशा देहात दहा गोळ्या आणि नळीत एक. धक्का सोसवेल असा, नेम धरायच्या खुणा स्पष्ट. निर्दोष म्हणावे असे. पण वजन अर्धा किलोच्या घरात. खिशात टाकताच विजारीची उजवी बाजू खाली ओघळली आणि मी एका अंगाला झुकलेल्या तराजूसारखा दिसू लागलो. कमरेसाठी ते उत्तम होते; खिशाला ते मानवणारे नव्हते.

तिसरे दिसायला सर्वांत जुनाट. स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर, .३८ स्पेशल मापाचे, नळी दोन इंचांहूनही किंचित आखूड. या घराण्याचा मूळपुरुष १९५० सालचा. घोडा आत झाकलेले त्याचे भावंड १९५२ साली, कंपनीच्या शताब्दीच्या वर्षी निघाले. माझ्यासमोर होते ते त्याच भावंडाचे ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे अलीकडचे रूप. वजन सुमारे सव्वाचारशे ग्रॅम. त्याला मागे ओढायची खीळ नाही, दाबून सोडायची कळ नाही. घोडा बाहेर डोकावत नसल्याने खिशातून काढताना तो अस्तरात अडकत नाही. अगदीच प्रसंग आला तर कोटाच्या खिशातूनही ते झाडता येते. स्वयंचलित पिस्तूल तेथे कापडात गुंतून पहिल्या गोळीनंतर बंद पडण्याचा संभव फार. दोष? गोळ्या पाचच. चक्रामुळे पोट फुगलेले. नेम धरायची खूण म्हणजे केवळ एक खाच. आणि चाप इतका लांब आणि जड की तो ओढायला पाच किलोंहून अधिक जोर लागतो. याहून शंभरेक ग्रॅमने हलके असे त्याचे एक महागडे भावंडही दुकानदाराने दाखविले. परंतु धक्क्याचा हिशेब आता मला कळला होता.

या खटपटीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. औषध निवडताना आम्ही लोक बोलतो गुणांविषयी, पण निवडतो ते दोष. या गोळीने पित्त होते, त्या गोळीने गुंगी येते. ज्या रोग्याला जो त्रास सोसवेल ती गोळी त्याची. लहान शस्त्राचे अगदी असेच आहे. ते लहान आहे म्हणजे त्याने काहीतरी सोडले आहे. कोणी गोळ्या सोडल्या, कोणी नेम सोडला, कोणी हाताची दया सोडली. सर्वगुणी शस्त्र खिशात मावत नाही. तेव्हा आपल्याला कोणता दोष सोसेल एवढाच प्रश्न उरतो. माझ्या बोटांना खीळ सोसत नव्हती, विजारीला वजन सोसत नव्हते. जड चाप मात्र मला सोसत होता. इतकेच नव्हे, तर तो मला आवडला. ज्या वस्तूने माणूस मरतो ती सहज चालू नये, तिने चालविणाऱ्याला एक क्षण तरी विचारावे की "खरेच का?" — हे मला योग्य वाटले. मी ते रिव्हॉल्व्हर घेतले. पाच गोळ्या! पाचांनी मोजणाऱ्याला याहून अधिक कशाला हव्यात?

महिनाभर दर रविवारी मी चाचणीच्या आवारात गेलो. सात यार्डांवरून माझ्या पहिल्या पाच गोळ्या कागदभर रानोमाळ पसरल्या. चौथ्या रविवारी त्या बशीएवढ्या वर्तुळात आल्या. खिशातून हात बाहेर काढण्याचाही एक धडा असतो. मूठ वळून काढली तर ती खिशाच्या तोंडाशी अडते. तळहात सपाट ठेवून, अंगठा मागच्या बाजूला टेकून ते उचलावे लागते. खिशात ते नुसते टाकायचे नसते. चाप पूर्ण झाकणारे, बाहेरून खरखरीत असे म्यान त्याला लागते. त्यामुळे ते खिशात उभे राहते, त्याचा आकार कापडातून दिसत नाही, आणि बाहेर येताना म्यान खिशातच राहते. आठवड्यातून एकदा त्यावर बसलेला कापडाचा बारीक कीस झटकावा लागतो. हे सारे मी वहीत लिहून घेतले. शेवटचा नियम शिक्षकांनी दोनदा सांगितला: "ज्या खिशात ते असेल त्या खिशात दुसरे काहीही नको. किल्ली नको, नाणे नको, रुमालही नको. काहीतरी चापात अडकते आणि अनर्थ होतो."

मी मान डोलावली, आणि त्याच क्षणी माझा चेहरा उतरला. कारण माझा उजवा खिसा रिकामा नव्हता.

माझा नातू तेव्हा चार वर्षांचा होता. मुलगी आणि जावई आमच्याच घरी राहतात. नातवाला येणारे मराठी शब्द बोटांवर मोजण्यासारखे, आणि त्यांत अगदी पहिल्याने आलेल्यांपैकी एक म्हणजे 'गोळी'. देशी वाण्याकडून आणलेल्या लिमलेटच्या गोळ्या मी उजव्या खिशात ठेवीत असे. मी रात्री घरी आलो की तो धावत येई, "आजोबा, गोळी?" असे विचारी आणि उत्तराची वाट न पाहता हात खिशात घाली. देवाने त्याची उंची नेमकी त्या खिशाला शोभेशी केली होती. दिवसभर औषधाच्या कडू गोळ्या देणाऱ्या माणसाला रात्री एक गोड गोळी देता यावी, यात मला दिवसाचे सार्थक वाटे.

गोळ्या मी डाव्या खिशात हलविल्या. साधी गोष्ट. "आता या बाजूला, हं," असे नातवाला बजावले. त्यानेही शहाण्यासारखी मान हलविली. सौभाग्यवती हे सर्व मुकाट्याने पाहत होत्या. निजण्यापूर्वी त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, त्या संध्याकाळी तुमचा हात कमरेपर्यंत पोहोचला नाही म्हणून तुम्ही घरी आलात. आता हात पोहोचेल अशी सोय केलीत. ही सोय कशाची केलीत, याचा विचार केला आहे ना?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. तो तरुण गोळ्या घेऊन निघून गेला हे खरे. पुढचा तसाच जाईल हे मला कोण सांगणार? आणि खिशात रिव्हॉल्व्हर असता मी काय केले असते, हे तरी मला कुठे ठाऊक आहे? अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक जण आत्महत्या करणारे असतात; म्हणजे चोरासाठी आणलेली वस्तू चोराच्या आधी घरच्या माणसाला सापडते, असेही घडते. हे सर्व मला ठाऊक होते. तरीही रात्री नऊ वाजता दुकानाचे दार ओढून अंधारात मोटारीकडे जाताना तो उजवा खिसा भरलेला असला की माझी पावले सरळ पडत. भीती माणसाला युक्तिवाद ऐकू देत नाही, आणि धीर कोठून येतो याची चौकशी भित्रा माणूस कधी करीत नाही.

दुय्यम म्हणून घेतलेली ही वस्तू थोड्याच दिवसांत मुख्य झाली. मोठे पिस्तूल जड, त्याला पट्टा हवा, कोट हवा. ते मी दुकानातच तिजोरीत ठेवू लागलो. खिशातले मात्र माझ्याबरोबर सगळीकडे येई. किराणा आणायला, टपाल टाकायला, नातवाला बागेतून परत आणायला. शिक्षक म्हणाले होते ते खरे ठरले: जे जड वाटत नाही तेच अंगावर राहते. परंतु जे जड वाटत नाही ते अंगावर आहे याचाही विसर पडतो. आणि विसर पडतो म्हणजेच सर्व ठीक आहे, या माझ्या जुन्या वचनाकडे मी पुन्हा येऊन पोहोचलो.

एका शुक्रवारी मी थकून घरी आलो. दार उघडले. नातू धावत आला, आणि जुन्या सवयीने त्याचा हात उजव्या खिशात गेला.

मी त्याचे मनगट धरले. किती जोराने धरले ते मला त्याच्या किंकाळीवरून कळले. तो भेदरून माझ्याकडे पाहत राहिला. आजोबांचा असा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. मनगटावर माझी पाच बोटे उमटली होती. मी ती मोजली.

काही झाले नव्हते. काही झालेही नसते; चाप म्यानात झाकलेला होता, आणि पाच किलोंचा तो चाप चार वर्षांच्या बोटाला हलणे कठीण. मी मनाशी हे पुनःपुन्हा घोकले. परंतु मी औषधवाला आहे. औषधांच्या बाटल्यांना लहान मुलांना उघडू नयेत अशी झाकणे बसविण्याचा कायदा या देशात १९७० साली झाला, आणि ती झाकणे मी रोज हाताळतो. त्यांची परीक्षा कशी घेतात हेही मला ठाऊक आहे. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हाती बंद डबी देतात. पाच मिनिटे वाट पाहतात, मग ती कशी उघडते ते करून दाखवितात, आणि आणखी पाच मिनिटे देतात. शंभरांतल्या ऐंशींना ती उघडली नाही, तर झाकण उत्तीर्ण. म्हणजे पाचांतल्या चौघांना उघडता येत नाही. पाचांनी मोजणाऱ्या माझ्या मनाने या हिशेबाचा उरलेला भाग कधीच केला नव्हता. त्या शुक्रवारी रात्री तो पाचवा मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तो माझ्याच घरात, शेजारच्या खोलीत, मनगटाला तेल लावून निजला होता.

स्मिथ अँड वेसन कंपनीची एक आख्यायिका आहे. डॅनियल वेसन यांच्या कानावर आले की त्यांच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढून एका मुलाने स्वतःला इजा करून घेतली. त्यावरून त्यांनी घोडा आत लपविलेले आणि मूठ आवळल्याखेरीज न उडणारे रिव्हॉल्व्हर योजिले. ते १८८७ साली निघाले. माझ्या खिशातल्या शस्त्राचा तो पणजोबा. कथा खरी असो वा नसो, ज्याने शस्त्र केले त्यालाही मुलाच्या हाताने झोप लागू दिली नाही, असे लोकांना वाटले यातच सारे आले. दीडशे वर्षांच्या घरात आली ही भीती. चोराची भीती लहान शस्त्र घडविते, आणि लहान शस्त्र लहान हाताची भीती घडविते. एका खिशातली भीती आपण दुसऱ्या खिशात ठेवतो, इतकेच.

दुसऱ्या दिवशी मी एक पोलादी पेटी आणली आणि बाहेरच्या दाराच्या आत, छातीच्या उंचीवर भिंतीत पक्की केली. भरलेले शस्त्र मुलाच्या हाती लागेल असे ठेवणे हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. पण पेटी मी कायद्याच्या धाकाने आणली नाही. आता माझा क्रम ठरून गेला आहे. मी दार उघडतो. कोणाला हाक मारीत नाही. चार आकडे दाबतो, पेटीचे झाकण उघडते, म्यानासकट ते आत ठेवतो आणि झाकण लावतो. 'टक' असा आवाज होतो. मगच मी जोडे काढतो.

शिक्षकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी शाबासकी दिली. सौभाग्यवती काही म्हणाल्या नाहीत, पण पेटीवर त्यांनी एक विणलेला रुमाल घालून ठेवला आहे. मी शस्त्र विकलेले नाही. ते विकावे असे मला महिन्यातून एकदा वाटते, आणि रात्रीचे नऊ वाजले की वाटेनासे होते. ज्याला याहून सरळ उत्तर सुचत असेल त्याने मला खुशाल भित्रा म्हणावे. मी वाद घालणार नाही. एवढे मात्र मी अनुभवाने सांगू शकतो: खिशात ठेवायचे शस्त्र निवडताना वजन, माप, चाप आणि काडतूस ही पाहावीतच, पण त्याआधी त्या खिशात आज काय आहे आणि तेथे कोणाचा हात येतो, हे पाहावे. आधी जागा, मग शस्त्र, असे शिक्षक म्हणाले होते. जागा म्हणजे केवळ कापडाचा एक कप्पा, असे मी तेव्हा समजलो होतो.

नातू आता सात वर्षांचा आहे. त्या शुक्रवारची त्याला आठवण नसावी. निदान तो तसे दाखवीत नाही. परंतु तो आता धावत येत नाही. मी आत येतो तेव्हा तो दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी उभा असतो, हात मागे बांधून, भिंतीकडे पाहत. 'टक' असा आवाज होतो. मग तो पुढे येतो, माझ्या डाव्या बाजूला उभा राहतो आणि विचारतो,

"आजोबा, गोळी?"